टॉवेलाखालचा लिलाव

सगळ्यांत आधी एक खुलासा. त्या दिवशी भर सभागृहात माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते मिरचीमुळे आलं. शहाद्यात याबाबत दुसरी एक हकिकत फिरते आहे आणि ती फिरवणाऱ्यांत माझ्या कार्यालयातले दोन शिपाई आणि एक सख्खा शेजारी आहेत. मी त्यांना माफ केलं आहे. पण खुलासा लेखी असलेला बरा, ही कार्यालयीन सवय.

मी हिलाल पाटील. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, वय पन्नास. गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी गोमाई बहुउद्देशीय सभागृहात बॅडमिंटन खेळायला जातो. 'खेळायला जातो' आणि 'खेळतो' यांत फरक आहे, हे सुज्ञांस सांगणे न लगे. आम्ही वीस जण आणि कोर्ट एक. जोड्या पडताना सगळे एकमेकांना हाका मारतात, सुकराम तू इकडे ये, आशाताई तुम्ही आमच्याकडे. शेवटी एक माणूस उरतो. मग कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणतं, "हिलालभाऊ, तुम्ही गुण मांडा. तुमचं अक्षर चांगलं आहे." अकरा वर्षं मी गुण मांडतो आहे. खडूने पाटीवर आकडे मांडायला अक्षर चांगलं कशाला लागतं, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

अशात एका रविवारी टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या बॅडमिंटन लीगचा लिलाव पाहिला. एक किरकोळ अंगाचा माणूस खुर्चीत बसलेला, त्याचं नाव पुकारलं गेलं आणि गुळगुळीत सुटातले मालक त्याच्यासाठी फलक वर करू लागले. एकाने केला, दुसऱ्याने केला, पुन्हा पहिल्याने केला. तो माणूस नुसता हसत होता. माझा चहा गार झाला. आयुष्यात एकदा, चारचौघांसमोर, कुणीतरी आपल्यावरही बोली लावावी, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. जिंकणं-हरणं नंतरचं. पण लीगशिवाय लिलाव होत नाही, आणि आमच्याकडे लीग नव्हती. म्हणजे ती मलाच काढावी लागणार होती.

हे मी बायकोला सांगितलं. रुपा मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आन तुमले इकत लेवाले कोन ई?"

मला विकत घ्यायला कोण येणार, म्हणे! घरच्या माणसांना दूरदृष्टी नसते. मी नियमावली लिहायला घेतली.

व्यावसायिक लीग कशी असावी याबद्दल माझी मतं ठाम आहेत. संघ चार असावेत. प्रत्येक संघात चार खेळाडू सक्तीचे आणि पाचवा ऐच्छिक असावा. मिश्र दुहेरी असावी. व्यावसायिक म्हणजे खेळाडूंना पैसे मिळतात असं एक मत आहे, पण त्याने खेळाची गोडी जाते, म्हणून आमच्याकडे टी-शर्ट आणि नाश्ता ठेवला. प्रत्येक मालकाला शंभर गुण, त्यातूनच बोली लावायची. अशी एकूण त्रेचाळीस कलमं झाली. सतरावं कलम असं की चारही मालक हजर असल्याशिवाय लिलाव होणार नाही. बाविसावं असं की आयोजकालाही खेळाडू म्हणून लिलावात उभं राहता येईल. हे कलम मी मुद्दाम मधोमध घातलं होतं, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. आमचे शेजारी भिलाअण्णा नेमकं तेच आधी वाचून माझ्याकडे बघत राहिले.

भिलाअण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी रॅकेट कधी हातात धरलेली नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला कुठल्याही पूर्वग्रहापासून मुक्त असतो. "हिलाल," ते म्हणाले, "टीमले मालक जोयजे. आन मालक कसा जोयजे? ज्याले खेळमधलं काहीच समजत नही, पन ज्याले समदं समजस आसं वाटस."

या निकषावर माणसं शोधणं आमच्या जिल्ह्यात अवघड नाही. आठवड्याभरात चार मालक मिळाले. नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी गोकुळशेठ. धडगावकडचे धनसिंग सर, जे पोलीस भरतीचा क्लास चालवतात आणि प्रत्येकाला भेटल्या भेटल्या छाती फुगवायला सांगतात. ब्राह्मणपुरीचा पपईवाला ललित. आणि सारंगखेड्याचे रेवजीशेठ. रेवजीशेठ घोडेवाले. त्यांच्या घोड्यांकडे यात्रेत लोक लांबून बघतात आणि त्यांच्याकडे आणखी लांबून.

रेवजीशेठांनी एकच अट घातली. बोली तोंडी होणार नाही. "घोडाना भाव कोनी तोंडवर करस का?" ते म्हणाले. "समोर उभा करीसन आकडा बोलानं म्हन्जे मालनी बेइज्जती. सौदा टॉवेलखाले व्हई."

ज्यांनी घोडेबाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दलाल आपला हात पुढे करतो, त्यावर टॉवेल टाकतात, घेणारा टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबतो. पूर्ण बोट दाबलं तर दहा, बोटाचं नुसतं पेर दाबलं तर एक. तोंडाने कुणी काही बोलत नाही, आणि झालेला भाव सौदा मिटल्यावरही कुणी सांगत नाही. रेवजीशेठ अडून बसले, तेव्हा बाकीच्यांनीही माना डोलावल्या, कारण आपल्याला टॉवेलाखालचं कळत नाही हे कबूल करायची कुणाचीच तयारी नव्हती. दलाल अर्थात आयोजक, म्हणजे मी. मलाही ते कळत नव्हतं.

रुपाला मात्र कळत होतं. तिचं माहेर सारंगखेडा. माझे सासरे उभा जन्म घोड्यांची दलाली करत होते. आमची सोयरीकसुद्धा त्यांनी टॉवेलाखालीच मिटवली असावी, असा मला जुना संशय आहे. भाकरी थापता थापता रुपाने मला पिठाच्या हाताने बोट आणि पेर शिकवलं. मी ते कागदावर उतरवून घेतलं, आणि तो कागद लिलावाच्या दिवशी दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिला.

आता सभागृह. सकाळी खेळायला ते असंच मिळतं, पण दिवसभरासाठी हवं असेल तर सभागृह समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीचा भाग्येश नावाचा लिपिक अर्ज घेऊन बसला होता. मीही लिपिकच असल्याने आम्ही एकमेकांशी अतिशय आदराने आणि कसलीही मदत न करता बोललो.

"अर्जात कारणं तीनच आहेत, काका," तो म्हणाला. "विवाह, साखरपुडा, शोकसभा."

"बहुउद्देशीय आहे ना सभागृह?"

"हो. हेच ते उद्देश."

"लीगचा लिलाव आहे. इतर म्हणून लिहा."

"इतरसाठी समितीचा ठराव लागतो. समितीची बैठक अध्यक्ष आल्यावर. अध्यक्ष मुलाकडे सुरतला. कधी येतील ते सुनेवर आहे." मग तो जरा खाली वाकून म्हणाला, "विवाह लिहा की. पाच मिनिटांत पावती देतो."

मी विवाह लिहिलं. पुढच्या रकान्यात वर आणि वधू यांची नावं, वयाचे दाखले आणि कार्याच्या दिवशी दोघांच्या समक्ष सह्या. माझ्या माहितीत अशी एकच स्त्री होती जिचा दाखला माझ्याकडे होता आणि जी माझ्याशी विवाह केल्याचं अधूनमधून कबूल करते. मी वराच्या जागी हिलाल आणि वधूच्या जागी रुपा लिहून मोकळा झालो. नियमात बसवून काम काढणं याला कौशल्य लागतं, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

लिलावाच्या सकाळी सभागृहासमोर पोचलो आणि सायकलवरून उतरायचंच विसरलो. समितीच्या माणसाने नेहमीच्या सवयीने दारावर बोर्ड लावला होता. फुलांच्या नक्षीत, लाल अक्षरांत: चि. हिलाल व चि. सौ. कां. रुपा यांचा शुभविवाह. खाली दोन पोपट. बोर्डाखाली मी लिलावाला बोलावलेले माझे साहेब दोन शिपायांसह उभे होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन, "पाटील, वय म्हणजे काय, नुसता आकडा," असं म्हटलं आणि आत जाऊन पुढची खुर्ची धरली.

तेवढ्यात ब्राह्मणपुरीहून सुंदरबाई आत्या, म्हणजे रुपाच्या वडिलांची बहीण, रिक्षातून उतरल्या. बोर्डाचा फोटो कुणीतरी पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यांच्या एका हातात साडी-चोळीची पिशवी आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत अक्षता होत्या. डोळे मात्र रडून सुजलेले.

"जवाईबापू, आमनी पोरमा काय खोट देखी तुम्ही? दुसरं लगीन करी ऱ्हायनात, तेबी बोर्ड लाईसन?"

"आत्या, बोर्डवर रुपाचंच नाव आहे."

"तेच तं म्हनस," त्या म्हणाल्या. "नवी बी रुपाच शोधी का?"

सहीसाठी आलेल्या रुपाने त्यांना बाजूला नेलं आणि समजावलं. आत्या निम्म्या समजल्या, पण एवढ्या लांबून आले तर कार्य पाहूनच जाईन म्हणून पहिल्या रांगेत बसल्या. अक्षता त्यांनी सोडल्या नाहीत.

दहा वाजता ललितचा फोन आला. पपईची गाडी दिल्लीला भरणं चालू होतं, तो येऊ शकत नव्हता. तीन मालक आणि सतरावं कलम. धनसिंग सर म्हणाले, कलम म्हणजे कलम. मी माझ्याच नियमावलीकडे बघत घाम पुसत होतो. तेव्हा भिलाअण्णांनी मागच्या रांगेतून तिकीट फाडल्यासारखा हात हलवला. "काबर थांबनात? नवरी रिकामीच बठेल शे ना. तिले करा मालक."

अशा रीतीने माझी बायको ब्राह्मणपुरी पपई पँथर्सची मालकीण झाली. तिने पदर खोचला, मालकांच्या खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे एका मालकाने दलालाकडे बघावं तसं पाहिलं.

बोलीआधी रेवजीशेठ उठले आणि माल तपासू लागले. खेळाडूंना त्यांनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. मग एकेकाला खाली बसवून टाळूवरचा भोवरा पाहिला. घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघूनच जाणता माणूस घोडा घेतो, चुकीच्या जागी भोवरा असेल तर घोडा फुकट दिला तरी नेत नाही. हेच शास्त्र त्यांनी बॅडमिंटनला लावलं. कुणाला हसू आलं नाही, कारण आमच्या भागात घोड्यातलं कळणाऱ्याला माणसातलं कळतंच असं धरून चालतात. गोकुळशेठ आणि धनसिंग सर त्यांच्या मागून वाकून वाकून टाळू बघत होते. रांगेत माझी पाळी आली. माझ्या डोक्यावर केस कानांच्या वरच्या अंगाला थोडे आहेत, आणि टाळूवर २०११ पासून नाहीत. रेवजीशेठांनी माझ्या टाळूवरून दोनदा अंगठा फिरवला.

"ह्याना भोवराच दिखत नही," ते म्हणाले. "आसा माल लेवामा धोका ऱ्हास."

आणि ते पुढे गेले. बाकीचे दोघेही पुढे गेले.

पहिलं नाव आशाताईंचं. त्या ग्रामीण रुग्णालयात नर्स, सातपुड्यातल्या पावरा घरच्या, आणि त्यांच्या स्मॅशपुढे आम्ही सगळे पेशंटच. चारही मालकांनी आळीपाळीने टॉवेलात हात घातला. रेवजीशेठांनी चार पेरं दाबली, ती मला चार बोटं वाटली, आणि मी मोठ्या आवाजात त्या रेवजीशेठांना दिल्याचं जाहीर केलं. गोकुळशेठांनी तीन पूर्ण बोटं दाबलेली, पण आकडा तोंडाने बोलायचा नाही, त्यामुळे ते नुसते लाल होत गेले. रुपा उठली. "दलाल नवा शे," ती शांतपणे म्हणाली. "फिरीसन करा." रेवजीशेठांनीही हे मानलं, कारण फुकटात पडलेला सौदा त्यांनाच लाजवत होता. दुसऱ्या फेरीत आशाताई पपई पँथर्सकडे गेल्या. कितीला, ते मी सांगू शकत नाही. पण माझी चार बोटं दुखत होती.

मग लिलाव रंगला. तासाभरात माझ्या लक्षात आलं की गोकुळशेठ थेट मिरची वाळवायच्या पथारीवरून आले आहेत. लाल मिरचीच्या ढिगांतून फिरलेला तो हात दर नावाला माझ्या हाताला भिडत होता. आधी बोटं गरम झाली, मग मनगट. टॉवेलाखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं आणि दलालाने तोंड वाकडं करायचं नसतं.

बाराव्या क्रमांकावर माझं नाव होतं. ते मीच पुकारलं. "हिलाल पाटील, अनुभवी खेळाडू, अकरा वर्षं." स्वतःच्या हातावर स्वतःच टॉवेल टाकला आणि उभा राहिलो. कुणीही हात घातला नाही. रेवजीशेठ मोबाइल बघू लागले, धनसिंग सरांनी छताचा पंखा न्याहाळला. रुपा वहीत काहीतरी लिहीत होती. मी हसत म्हणालो, "हे नाव शेवटी घेऊ," आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढचं नाव खात्याकाकांचं. निवृत्त वनरक्षक, वय बहात्तर. ते सभागृहात फक्त पेपर वाचायला येतात. पण त्यांच्या डोक्यावर पांढरे शुभ्र दाट केस आहेत आणि मधोमध घडवल्यासारखा भोवरा. त्यांच्यासाठी रेवजीशेठ आणि गोकुळशेठ यांच्यात जुंपली. खात्याकाका रेवजीशेठांकडे गेले. त्यांनी पेपर घडी करून आभार मानले.

दुपारी दीडपर्यंत एकोणीस जण विकले गेले. तीन संघ भरले. रुपाकडे चार खेळाडू होते, पाचवा ऐच्छिक होता, आणि ते ऐच्छिक मीच लिहिलेलं होतं. उरलो मी. अकरा वर्षांत रोज सकाळी जे होत आलं, तेच आता साहेब, शिपाई, पाहुणे आणि दोन पोपट यांच्यासमोर होणार होतं. मी पुन्हा हातावर टॉवेल टाकला. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण त्याच वेळी कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला म्हणून मी तो हाताने पुसला, आणि तो हात मिरचीचा होता. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. मागून भिलाअण्णा हळहळले, "रडू दे बिचाराले." मी ओरडून सांगणार होतो की मिरची आहे, पण घसा दाटला. तोही मिरचीनेच.

तेव्हा टॉवेलाखाली एक हात आला.

त्या हाताने आधी टॉवेलाच्या आतल्या आत माझी बोटं एकेक करून स्वच्छ पुसली. "हाऊ हात डोयाले लावू नका," रुपा माझ्या कानाशी हळूच म्हणाली. मग तिने माझ्या करंगळीचं एक पेर दाबलं.

एक गुण. तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. तिच्याकडे तीन गुण उरले होते, ते मला ठाऊक होतं, मीच मांडत होतो. आता मालही मीच आणि दलालही मीच. मी उलटून तिच्या हातावर तीन पेरं दाबली. तिने पुन्हा एक दाबलं. मी तीनवर ठाम राहिलो. तिने चिमटा काढला. मी अडीच दाबायचा प्रयत्न केला, पण टॉवेलाच्या भाषेत अडीच नाही. लोक टॉवेलाची हालचाल बघत होते, पंखे बंद होते, आणि आम्ही नवरा-बायको पाच मिनिटं घासाघीस करत उभे होतो. चोवीस वर्षांत भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांशी झालेल्या तिच्या घासाघिशी मी पिशवी धरून पाहिल्या होत्या. समोरासमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. शेवटी तिने दोन पेरं दाबली. आणि सौदा झाल्यावर हात काढून घ्यायचा असतो, तो तिने काढला नाही, धरूनच ठेवला.

"सौदा झाला," मी म्हणालो.

सुंदरबाई आत्यांना हात हातात दिलेला दिसला, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी मुठीतल्या अक्षता टाकल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

फक्त रेवजीशेठ वाजवत नव्हते. ते खुर्चीच्या टोकावर येऊन माझ्याकडे निरखून पाहत होते. एवढा वेळ टॉवेल हलत राहिला, आणि तोही सारंगखेड्याच्या जुन्या दलालाची पोर हलवत होती, म्हणजे या मालात आपल्याला न दिसलेलं काहीतरी नक्की आहे. ते उठून रुपाकडे आले.

"ताई, सुकरामले ली जाय. आखो एक पोऱ्या बी देस. हाऊ मले दे."

सुकराम म्हणजे त्यांनीच घेतलेला, जिल्ह्यात खेळून आलेला. दोन तरणे खेळाडू, एका टक्कल पडलेल्या लिपिकाच्या बदल्यात. कोणताही शहाणा मालक एका शब्दात हो म्हणाला असता, आणि आमच्या नियमावलीच्या एकतिसाव्या कलमात तशी अदलाबदल बसतही होती. मी रुपाकडे पाहिलं. माझा हात अजून तिच्या हातात होता. मला क्षणभर भीतीच वाटली.

रुपाने टॉवेल काढला, झटकून त्याची घडी घातली आणि माझ्या खांद्यावर ठेवली.

"नही, रेवजीभाऊ," ती म्हणाली. "हाऊ इकाना नही शे."

लीग पुढच्या तीन रविवारी झाली. खात्याकाकांनी एक सामना जिंकला, कारण समोरच्याला त्यांच्याविरुद्ध मारायची लाज वाटली. पपई पँथर्स आशाताईंच्या जोरावर पहिले आले. मला मालकिणीने एकदाही कोर्टवर उतरवलं नाही, संघ हरायला नको म्हणून. मी बाकावर बसून होतो, अंगात पपईच्या रंगाचा टी-शर्ट आणि खांद्यावर तो टॉवेल. रेवजीशेठ येता-जाता अजून विचारतात, कितीला गेलात. मी म्हणतो, टॉवेलातला भाव बाहेर सांगत नाहीत.